बॅटरी ओके आहे!

रात्रीचे दोन वाजलेत. मी आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटररूमच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे लिहितोय. समोर वॉचमनकाका डुलक्या घेतायत आणि मधूनच डोळे उघडून ‘एवढं शिकून पोरगं हे काय करतंय’ अशा नजरेनं माझ्याकडे बघतायत. शनिवारी सकाळी दहाला आम्ही फायर अलार्मच्या पॅनेलची वीज मुद्दाम बंद केली. तेव्हापासून पॅनेल फक्त बॅटरीवर चाललंय. दर दोन तासांनी मल्टिमीटर लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. सोळावा तास, २५.१ व्होल्ट. रविवारी सकाळी दहापर्यंत असंच, आणि मग अर्धा तास सगळे हूटर वाजवायचे. नोटीस बोर्डावर तशी सूचना लावली आहे. तरी उद्या शिव्या बसणार आहेतच.

हा उद्योग कशासाठी, ते सांगायला हवं.

मे २०२४ मधली एक संध्याकाळ. वळवाचा पाऊस, वारा, कुठेतरी झाड पडलं आणि पाच वाजता आमच्या चिंचवडच्या भागातले दिवे गेले. यात नवीन काही नाही. इन्व्हर्टर चालू झाले, लोक कामाला लागले. तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे, मुलगा परदेशात. त्यांच्या इन्व्हर्टरवर कोणीतरी फ्रीजही जोडून दिलेला. त्यामुळे साडेदहाला इन्व्हर्टरनं मान टाकली. पंखा बंद, डासांचं मशीन बंद. मग काकांनी कपाटातून जुनी कॉइल शोधून पेटवली आणि पलंगाखाली ठेवली. रात्री कधीतरी चादरीचं टोक खाली आलं असणार. गादी भडकली नाही, नुसती धुमसत राहिली.

साडेअकराच्या सुमारास समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना वास आला म्हणून त्यांनी दार बडवलं. काका खोकत बाहेर आले, काकूंना दोघांनी धरून बाहेर आणलं. काकू दोन रात्री दवाखान्यात होत्या, ऑक्सिजनवर. आता बऱ्या आहेत. पण जिना चढताना अजूनही दोनदा थांबतात.

त्यांच्या घराच्या पॅसेजमध्ये, छतावर, स्मोक डिटेक्टर आहे. बिल्डरनं प्रत्येक घरात एक बसवलाय. धुमसणारी गादी म्हणजे या डिटेक्टरचं अगदी परीक्षेत येणारं उदाहरण, ज्वाळा कमी आणि धूर जास्त. तो वाजायला हवा होता. नाही वाजला, कारण खाली पॅनेलच मेलेलं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये यावर काय चर्चा झाली असेल? ‘म्हाताऱ्या माणसांनी कॉइल लावूच नये.’ पाऊण तास. पॅनेलबद्दल विचारलं तर सेक्रेटरीकाकांनी मेंटेनन्सवाल्याचा कागद पुढे केला. दर तीन महिन्यांनी तो माणूस येतो आणि सही करून जातो. मार्चच्या रकान्यात लिहिलेलं होतं: ‘बॅटरी ओके, २७.२ व्होल्ट.’

हा आकडा वाचून मला हसावं की रडावं कळेना. २७.२ हा बॅटरीचा आकडा नाहीच, तो चार्जरचा आहे. बारा व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चार्जिंगला ठेवल्या की चार्जर साधारण २७ व्होल्ट धरून ठेवतो. बॅटरी नवी असो, अर्धमेली असो की जवळपास खलास, चार्जर जोडलेला असताना मीटर लावला तर तो चार्जरचंच कौतुक ऐकवणार. नळाखाली ठेवलेली बादली भरलेलीच दिसते, ती फुटकी आहे का हे नळ बंद केल्याशिवाय समजत नाही. बरं, कायद्यानं यात कसूर नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि आमचं जानेवारीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये व्यवस्थित पंच करून लावलेलं होतं.

मग मी मेंटेनन्सवाल्याच्या परवानगीनं बॅटऱ्या बाहेर काढल्या. बारा व्होल्ट, ७ एएच, दोन नग, पाच वर्षं जुन्या. एक पोटाला फुगलेली. दुसरी चार्ज करून तिला गाडीचा ५ वॅटचा बल्ब लावला. हा बल्ब ०.४२ अँपिअर खातो, म्हणजे नवी बॅटरी सोळा तास तरी खेचेल. ही आठ तासांच्या आत साडेदहा व्होल्टला टेकली. म्हणजे क्षमता निम्मी उरलेली. आणि तिच्या टर्मिनलवर दोन वायरी जास्तीच्या होत्या.

त्यांची गोष्ट पुढे सांगतो. आधी गणित, कारण लोकांना वाटतं हे काहीतरी तज्ज्ञांचं प्रकरण आहे. प्रत्यक्षात सातवीतला गुणाकार आहे.

बॅटरीला दोन कामं करायची असतात. पहिलं, वीज नसताना गुपचूप जागं राहणं. दुसरं, त्या जागरणाच्या शेवटी आग लागलीच तर जिवाच्या आकांतानं ओरडणं. आमचं पॅनेल जागं राहायला सुमारे १३० मिलिअँपिअर घेतं. ३७ डिटेक्टर आहेत, पण ते बिचारे फारच कमी खातात, सगळे मिळून चारएक मिलिअँपिअर. धरा १३५. चोवीस तासांचे झाले ३.२४ एएच. अलार्म वाजताना नऊ हूटर आणि पॅनेल मिळून १.२ अँपिअर. अर्ध्या तासाचे खरं तर ०.६ एएच, पण लेड-ॲसिड बॅटरीकडून भसकन जास्त करंट मागितला की ती छापील क्षमतेएवढं देत नाही. जर्मनीत पॉइकर्टनं हे १८९७ मध्येच मांडून ठेवलंय. डब्यावर लिहिलेले ‘७ एएच’ हे वीस तासांत हळूहळू काढले तरचे असतात. तासाभरात काढायला गेलात तर चारच्या आसपास मिळतात. म्हणून ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ५८३९ मध्ये अलार्मचा करंट पावणेदोननं गुणतात. ०.६ चे झाले १.०५. बेरीज ४.२९. त्यावर बॅटरी म्हातारी होणार म्हणून सव्वापट: ५.३६ एएच. बाजारात याच्या वरचा साइज सातचा. म्हणजे ज्यानं कुणी हे मूळ डिझाइन केलं, त्यानं हिशोब बरोबर केला होता. त्या अनामिक इंजिनिअरला माझा नमस्कार.

(सेक्रेटरीकाकांचं म्हणणं होतं, ‘दोन बॅटऱ्या आहेत, सात आणि सात चौदा.’ नाही हो काका. एकापुढे एक जोडल्या की व्होल्ट दुप्पट होतात, एएच तेवढेच राहतात. हे मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते ‘बरं’ म्हणाले, पण पटून नव्हे.)

आता हे ‘चोवीस तास’ आणि ‘अर्धा तास’ कुठून आले? अमेरिकन एनएफपीए ७२ मध्ये घरगुती सिस्टिमसाठी चोवीस तास जागरण आणि त्यानंतर चार मिनिटं अलार्म एवढं मागतात. एका कुटुंबाच्या घरातून बाहेर पडायला चार मिनिटं ठीक आहेत. ब्रिटिशांकडे चोवीस तास आणि वर अर्धा तास. सात मजले, लिफ्ट बंद, आणि काकूंसारखी माणसं असलेल्या इमारतीला मी डोळे झाकून अर्धा तास धरीन.

अलार्मच्या मिनिटांवर कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो चोवीस तासांवर. आमच्याच मीटिंगमध्ये एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘पुण्यात कुठे चोवीस तास लाइट जाते? जाते दोन तास. आणि नेमकी त्या दोन तासांत आग लागायची शक्यता किती?’ ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. आम्ही आयटीवाले तर या युक्तिवादाला लगेच भुलतो. वीज नसण्याची शक्यता एवढी, आग लागण्याची एवढी, दोन्हींचा गुणाकार केला की शून्यानंतर इतकी शून्यं येतात की बॅटरी न लावली तरी चालेल असं वाटू लागतं.

माझं सगळं भांडण या गुणाकाराशी आहे. दोन घटना एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच तो चालतो, आणि या दोन स्वतंत्र नाहीतच. दिवे गेले की माणसं मेणबत्ती लावतात, कॉइल पेटवतात, चोवीस तास न तपासलेल्या इन्व्हर्टरवर घरभराचा भार टाकतात. वीज परत येते तेव्हा कधी कधी असा झटका देऊन येते की कुठलं तरी जुनं मशीन धूर सोडतं. त्याच्याही पुढे, कित्येकदा आगीची सुरुवातच वायरिंगमध्ये होते आणि तीच आग मीटररूममधली वीज घालवते. म्हणजे पॅनेलची वीज आधी जाते ती आगीमुळेच. तिसऱ्या मजल्यावर जे झालं तो योगायोग नव्हता. वीज गेली म्हणून पंखा गेला, पंखा गेला म्हणून कॉइल आली, आणि वीज गेली होती म्हणूनच पॅनेलही मेलेलं होतं. एकाच कारणानं आगही लागली आणि तिचा पहारेकरीही झोपला. त्यामुळे बॅटरी नेहमीच्या लाइट जाण्याच्या हिशोबानं घेऊच नये. सर्वांत वाईट रात्रीच्या हिशोबानं घ्यावी, कारण आग लागण्याची रात्रही तीच.

सर्वांत वाईट रात्र किती लांब असते? १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, जिथे ‘लाइट जात नाही’ हा अभिमानाचा विषय. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आणि दापोलीकडच्या आमच्या मामाच्या गावाला कित्येक दिवस दिवे नव्हते. तेवढ्याला कुठलीच बॅटरी पुरणार नाही, मान्य. पण चोवीस तासांत निदान एवढं होतं की एक अख्खी रात्र निघते, सकाळी कोणीतरी पॅनेल बघतं, कोणीतरी फोन करतं, आणि पुढचं ठरवायला माणसं जागी असतात. ही मुदत माणसांच्या झोपेसाठी आहे असं मी समजतो.

आता त्या दोन जास्तीच्या वायरी.

एक होती जीएसएम डायलरची. अलार्म झाला की सेक्रेटरीकाकांना फोन लावणारी डबी, सोसायटीनं तीन वर्षांपूर्वी बसवली. ती बारा व्होल्टवर चालते, पॅनेल चोवीसवर. मग बसवणाऱ्यानं सोपा मार्ग काढला: दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट उचलले. ७० मिलिअँपिअर.

दुसरी वायर इमारतीच्या इंटरनेटच्या स्विचची. ४०० मिलिअँपिअर. आणि ती माझ्यामुळे लागली होती.

घरून काम चालू असताना लाइट गेली की माझा राउटर इन्व्हर्टरवर चालायचा, पण खालचा स्विच बंद पडायचा. कॉल मध्येच तुटायचा, मॅनेजरचे टोमणे. एके दिवशी नेटवाल्याचा पोरगा आला तेव्हा मी त्याला विचारलं, याला काही बॅकअप देता येईल का? त्यानं इकडे तिकडे बघितलं, पॅनेलचा डबा उघडला आणि म्हणाला, ‘सर, इथे बारा व्होल्ट आहे की!’ मी म्हणालो, ‘भारी!’ त्याला चहासुद्धा पाजला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. डिग्री घरात फ्रेम करून लावलेली आहे.

हिशोब करून बघा. त्या एका बॅटरीवर आता १३५ अधिक ७० अधिक ४००, म्हणजे ६०५ मिलिअँपिअर. चोवीस तासांना साडेचौदा एएच लागतील, आहेत सात. तेही नव्या बॅटरीचे, आमच्या निम्म्या झालेल्या बॅटरीत साडेतीन. साडेतीन भागिले ०.६०५, सहा तासांना थोडे कमी. पाचला वीज गेली, अकराला पॅनेल गेलं. ही वेळ मला पक्की माहीत आहे, कारण अकराला माझं नेट गेलं होतं आणि मी त्या स्विचवर चिडलो होतो. वॉचमनकाकांनाही आठवतंय. संध्याकाळपासून पॅनेलची टीव-टीव चालू होती, बटण दाबलं की थांबायची आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. ‘अकराला आपोआप थांबली, बरं वाटलं,’ असं ते म्हणाले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की टीव-टीव म्हणजे पॅनेल जिवंत आहे.

आणि या दोन वायरी नसत्या तर? साडेतीन भागिले ०.१३५, जवळजवळ सव्वीस तास. ती म्हातारी, निम्मी बॅटरीसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली असती. हे गणित मी पाच-सहा वेळा करून बघितलं.

एका बॅटरीवरून वीज उचलण्याचा आणखी एक तोटा असा की जोडीचं संतुलन बिघडतं. चार्जर दोघींना मिळून एकच व्होल्टेज देतो. जिच्यावरून चोरी होते ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन फुगते. त्यात आमचं पॅनेल जिन्याखाली, मेमध्ये आत ३८-४० अंश. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य पंचविसाच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. डब्यावर पाच वर्षं लिहिली असली तरी जिन्याखाली ती पाच नसतात.

मी मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं, माझ्या वायरीसकट. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग प्रतिक्रिया उलट्या टोकाची: ‘मग मोठीच टाकू या ना, ४२ एएचची! एकदाचा विषय संपेल.’ नाही संपत. बॅटरी भरायलाही कोणीतरी लागतं. आमच्या पॅनेलचा चार्जर अर्ध्या अँपिअरचा आहे. युरोपियन स्टँडर्ड ईएन ५४-४ म्हणतं की रिकामी बॅटरी चोवीस तासांत ८० टक्के भरली पाहिजे. अर्ध्या अँपिअरनं चोवीस तासांत जास्तीत जास्त १२ एएच जातात. ४२ ची बॅटरी तीन दिवसांनीही धड भरणार नाही, आणि दोन दिवस लागोपाठ वीज गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणी गाडीची बॅटरी सुचवली, कोणी लिथियम. गाडीची बॅटरी बंद डब्यात ठेवायची नसते, तिच्यातून गॅस येतो. लिथियमला चार्जर वेगळा लागतो. जे पॅनेल ज्या बॅटरीसाठी बनवलंय त्याच जातीची बॅटरी आणि पॅनेलवर लिहिलेल्या कमाल एएचच्या आत. आमच्या पॅनेलवर १२ लिहिलंय.

तर आता काय केलं? स्विचची वायर काढली. त्याला स्वतंत्र छोटा यूपीएस आणला, माझ्या पैशानं. डायलरला दोन्ही बॅटऱ्यांच्या चोवीस व्होल्टवरून बारा करून देणारा कन्व्हर्टर लावला, म्हणजे भार ४० मिलिअँपिअरवर आला. एकूण १७५. चोवीस तासांचे ४.२, अलार्मचे १.०५, सव्वापट करून ६.५६. सातची चालली असती, पण जिन्याखालचा उन्हाळा बघता बाराच्या घेतल्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच बॅचच्या. एकच बदलून पैसे वाचवायचा प्रस्ताव आला होता, तो हाणून पाडला. डब्याच्या झाकणाच्या आतून मी एक कागद चिकटवलाय: कुठलं यंत्र किती मिलिअँपिअर, बेरीज किती, बॅटरी कधी बसवली. खाली मोठ्या अक्षरात, ‘इथून दुसरं काहीही जोडायचं नाही.’ आणि वर्षातून एकदा वीज बंद करून खरी परीक्षा, चार्जर लावून व्होल्ट मोजणं नाही. खर्चाचं म्हणाल तर बॅटऱ्या, कन्व्हर्टर मिळून जेवढा झाला, त्याहून जास्त आम्ही गणपतीच्या मांडवाच्या लाइटिंगवर घालवतो.

काका-काकूंच्या बेडरूममध्ये वेगळा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्मही लावून दिलाय. त्याला पॅनेलशी, विजेशी, माझ्या नेटशी काही देणंघेणं नाही. असा एखादा प्रत्येक घरात असावा असं माझं मत आहे. पण आत्तापर्यंत २८ पैकी चार घरांनीच घेतलाय, त्यात एक आमचं.

तिकडे जायच्या आधी मी काकूंना सगळं सांगितलं होतं. वायर, स्विच, अकरा वाजता, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि विचारलं, ‘आता तुझं ऑफिसचं काम लाइट गेल्यावर कसं होणार रे?’ मला काही उत्तर सुचलं नाही.

चार वाजले. अठरावा तास, २५.० व्होल्ट. वॉचमनकाका उठून म्हणाले, ‘टीव-टीव चालू आहे अजून.’ आता दर वेळी बटण दाबताना ते घड्याळ बघतात आणि माझ्या वहीत स्वतःच वेळ लिहून ठेवतात.